हीटर प्लगचा काय गुन्हा?

डिसेंबर उजाडला की गॅरेजच्या दारात तोच निकाल ऐकू येतो. सकाळी डिझेल गाडी चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही ना? मग हीटर प्लग गेले, चारही बदलून टाका. बॉनेट उघडायच्या आधीच निकाल! हा समज निव्वळ खोटा असता तर इतकी वर्षं टिकला नसता. १९९८च्या अखेरीस आलेल्या इंडिकासारख्या जुन्या डिझेल इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता हेडमधल्या लहानशा कप्प्यात उडायचं. कप्प्याच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घ्यायच्या, त्यामुळे प्लगने तो आधी तापवला नाही तर आपल्याकडच्या साध्या गारव्यातही इंजिन पेटायला कुरकुर करायचं. तेव्हाच्या मिस्त्रींचं निदान बरोबरच होतं. पुढे २००७मध्ये आलेल्या स्विफ्ट डिझेलसारख्या गाड्यांतून कॉमन रेल इंजिनं घरोघरी पोचली, डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर उडू लागलं, पण निदान काही इंडिकाच्या काळातून हललं नाही.

हिशेब अगदी साधा आहे. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांच्या दरम्यान आपोआप पेट घेतं. बाहेर १० अंश असताना १७ पट दाबलेली हवा, उष्णता अजिबात गळली नाही असं धरलं, तर ६००च्या घरात पोचते. सेल्फवर इंजिन सावकाश फिरतं, भिंती गार असतात, रिंगांतून थोडी हवा निसटते. हे सगळं वजा केलं तरी निरोगी इंजिनात ३००च्या आसपास तापमान उरतं. उणे १५ अंशांत हाच हिशेब काठावर येतो, म्हणून युरोपात प्लगशिवाय भागत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर आला होता, तो आपल्याकडचा कडाका. पुण्यात जानेवारीतली सरासरी पहाट ११-१२ अंशांची. एवढ्या थंडीत एखादा प्लग मेल्यामुळे धडधाकट कॉमन रेल इंजिन सुरूच होत नसेल, तर ते इंजिन धडधाकट नाही आणि खरं दुखणं दुसरीकडे आहे. थंडीने डिझेल गोठलं, हा युक्तिवादही इथे सहसा चालत नाही. भारतीय मानक आयएस १४६० नुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे. गोठण्याची खरी अडचण लडाख, लाहौल-स्पितीची.

मग शोध कुठून सुरू करायचा? सायलेन्सरपासून. सेल्फ फिरत असताना एकाने मागे उभं राहून धूर पाहायचा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. म्हणजे बॅटरी, कॉम्प्रेशन, इंजेक्टरचा फवारा आणि हो, हीटर प्लगसुद्धा संशयित. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली पडत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघावीत, कारण इंजिन रेंगाळत फिरलं की हवेला तापायला लागणारा दाबच मिळत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाहीये, आणि अशा वेळी प्लग बदलणं म्हणजे नळाला पाणी नसताना गिझर बदलणं. रात्रभर उभ्या गाडीत सर्वांत जास्त सापडणाऱ्या कारणांपैकी एक म्हणजे लाइनने हवा घेणं. फिल्टरची ओ-रिंग किंवा हँड पंपाचा व्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं डिझेल रात्रीत टाकीकडे परततं. उतारावर तोंड करून लावलेली गाडी पटकन सुरू होते आणि चढावर लावलेली रुसते, असं दिसलं तर संशय पक्का समजावा. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हवा नसेल तर स्कॅनरवर सेल्फच्या वेळचा रेल प्रेशर वाचावा. तो साधारण २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही. पंप ठीक असूनही प्रेशर चढत नसेल तर चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला एकेक बाटली लावायची. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली की चोर सापडला. असा गळका इंजेक्टर बऱ्याचदा इंजिन गरम असताना जास्त छळतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन अधिक निसटतं. हायवेवर चहाला थांबल्यावर सुरू न होणाऱ्या गाडीलाही हीटर प्लग सुचवणारे आहेतच; त्यांना काय म्हणावं?

यावर हमखास येणारं उत्तर असं, की प्लग बदलले आणि गाडी सुधारली. सुधारली असेलही. त्याच भेटीत टर्मिनलं घासली गेली, फिल्टर बदलला गेला, लाइनीतली हवा काढली गेली, आणि श्रेय मात्र बिलावरच्या सर्वांत महागड्या ओळीला मिळालं. तरी आक्षेपात अर्धं तथ्य आहे, ते मान्य केलं पाहिजे. अनेक गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही प्लग काही वेळ तापलेले राहतात आणि आयडलिंग सावरून धरतात. त्यामुळे थंड इंजिन पहिलं मिनिटभर मिसिंग मारत असेल, थोडा पांढरा धूर टाकत असेल आणि मग आपोआप शांत होत असेल, तर प्लगवर संशय घेणं रास्त. पण तो न काढता तपासता येतो. वायर सुटी करून मल्टीमीटर लावला की साधा धातूचा चांगला प्लग एका ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. काढण्याची घाई महागात पडते, कारण काजळीने जाम झालेला प्लग हेडमध्येच तुटतो आणि किरकोळ कामाचं हेड उतरवण्याइतकं काम होतं. गरम झाल्यावरही आयडलिंग खडबडीत राहिलं तर प्लगला पूर्ण माफी द्यावी. स्कॅनरमध्ये प्रत्येक सिलिंडरची इंधन-दुरुस्ती वाचावी, धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते पाहावं, आणि इंजिन नीट चालत असून फक्त केबिन थरथरत असेल तर फाउंडेशनची रबरं.

बाकीचे समज किरकोळ. सकाळी दहा मिनिटं जागेवर गाडी तापवायची गरज नाही. आयडलिंगला डिझेल इंजिन फार हळू तापतं, अर्ध्या मिनिटाने हलक्या पायाने निघावं. डिझेलमध्ये रॉकेल घालू नये, कारण हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. ईजीआर कायमचा बंद करणं हा इलाज नाही, तो साफ करणं हा आहे. स्कॅनरमध्ये कोड नाही म्हणजे दोष नाही असंही नाही, कारण लाइनीतल्या हवेचा कोड सहसा येत नाही. आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारून गाडी सुरू करणाऱ्याला आधी थांबवा. आत प्लग तापलेला असेल तर ते ईथर पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकतं, आणि रिंगा किंवा पिस्टन घेऊन जातं.