कुत्र्याच्या वाट्याचा घास

संत नामदेवांविषयी एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. नामदेव जेवायला बसले असताना एक कुत्रा आला आणि ताटातील पोळी तोंडात धरून पळाला. नामदेव त्याच्यामागे धावले, ते हातात काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन. कोरडी पोळी देवाच्या घशाला टोचेल, ही त्यांची चिंता होती. सर्व भूतांच्या ठायी एकच परमेश्वर पाहणाऱ्या संताची ही कथा असून तिचा अर्थ आध्यात्मिक आहे. तरीही ज्याच्या घरी कुत्रा आहे, असा वाचक या कथेपाशी क्षणभर थांबतो. कारण तूप, तेल, साय असे स्निग्ध पदार्थ कुत्र्याला बेताने द्यावेत, असे पशुवैद्याने त्याला बजावलेले असते. माया आणि पथ्य यांची अशी ओढाताण कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक घरात रोज चालू असते.

आपल्याकडे कुत्र्याला अन्न देण्याची परंपरा जुनी आहे. श्राद्धकर्मात गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढून ठेवला जातो. खेड्यात उरलेली भाकरी ताकात कुस्करून राखणीच्या कुत्र्यापुढे ठेवली जाते. शहरात मात्र कुत्रा अंगणातून घरात आला आणि त्याच्या घासाचे रूपही बदलले. चहाच्या टपरीजवळ उभा राहणारा दयाळू माणूस भटक्या कुत्र्यासमोर ग्लुकोज बिस्किटे टाकतो. घरातील मुले आपल्या हातातील केकचा तुकडा टॉमीला भरवतात. कुत्रा शेपूट हलवतो आणि देणाऱ्याला समाधान वाटते. परंतु मैदा, साखर आणि वनस्पती तूप यांपासून बनलेली ही बिस्किटे माणसाच्या जिभेसाठी केलेली असतात. रोज खाल्ल्याने कुत्र्याचे वजन वाढते, त्याच्या दातांवर कीट चढते आणि खऱ्या जेवणावरची त्याची वासना उडते.

मग कुत्र्याने धान्य खाऊच नये काय? तसेही नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारा अमायलेज नावाचा पाचकरस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती आढळल्या. कुत्र्यांत मात्र त्या चारपासून तीसपर्यंत होत्या. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला आणि त्याच्या उष्ट्यावर वाढणाऱ्या या प्राण्याचे शरीरही हळूहळू धान्याला सरावले, असा याचा अर्थ लावला जातो. भाकरी खाणारा गावठी कुत्रा म्हणजे काही निसर्गाविरुद्धचा चमत्कार नव्हे. मात्र प्रथिनांची त्याची गरज मोठी आहे. केवळ पोळीभाकरीवर ती भागत नाही.

कुत्र्यासाठी म्हणून मुद्दाम बिस्किटे भाजून विकण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकातला. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ इमारतींवर बसवायच्या वीजरोधक सळ्या विकण्यासाठी लंडनला गेला होता. खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटे बंदरावरील कुत्रे मिटक्या मारीत खात असलेले त्याने पाहिले, असे सांगितले जाते. पुढे १८६०च्या सुमारास गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि मांसाचा अंश यांपासून बनवलेली कुत्र्यांची बिस्किटे त्याने बाजारात आणली. सळ्यांच्या विक्रीने नव्हे, तर या बिस्किटांमुळे त्याचे नाव राहिले.

अलीकडे अमेरिकेत आणि तिच्या अनुकरणाने आपल्या शहरांतही एक घरगुती प्रकार लोकप्रिय झाला आहे : लाल भोपळा आणि शेंगदाण्याचे लोणी, म्हणजेच पीनट बटर, घालून भाजलेली बिस्किटे. हे दोन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकानंतर ते समुद्रमार्गे भारतात आले आणि इथल्या स्वयंपाकघरात इतके मुरले, की त्यांचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. (मिरजेला ज्यापासून तंबोरे बनतात तो भोपळा निराळा, तो जुन्या जगातलाच.) अमेरिकेत जे डबाबंद मिळते, ते आपल्याकडे मंडईतून आणि वाण्याकडून ताजे मिळते. त्यामुळे हा पदार्थ घरी करणे आपल्याला अधिकच सोपे आहे.

लाल भोपळा कुत्र्याला चांगला, याची कारणे साधी आहेत. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, स्निग्धांश जवळजवळ नसतो आणि उष्मांक फार थोडे असतात. त्यातील विरघळणारा तंतुमय भाग पाणी धरून ठेवतो. म्हणून शौचास खडा होत असेल तर ते मऊ होते आणि पातळ होत असेल तर थोडे बांधले जाते. भोपळा उकडण्यापूर्वी त्याचा बारीक तुकडा जिभेला लावून पाहावा. क्वचित एखादा भोपळा कडू निघतो. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे येतो आणि शिजवून जात नाही. असा भोपळा कुत्र्यालाही देऊ नये व आपणही खाऊ नये.

मराठी घरात भोपळ्याचे घारगे होतात. भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा, त्यात कणीक, चिमूटभर मीठ व जायफळ घालून पीठ भिजवायचे आणि थापून तळायचे. कुत्र्याचे बिस्कीट घारग्याच्या जवळचे वाटते आणि म्हणूनच येथे सावध राहावे लागते, कारण घारग्याला चव आणणारी प्रत्येक गोष्ट येथे वगळायची असते. गूळ नको, कारण त्याने विनाकारण वजन वाढते. मीठ नको; रोजच्या आहारातून कुत्र्याला ते पुरेसे मिळते. जायफळातील मायरिस्टिसिन हे द्रव्य कुत्र्याच्या मज्जासंस्थेला बाधते, म्हणून ते तर मुळीच नको. तळणे नको; फार स्निग्ध खाणे काही कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज आणते आणि हा आजार प्राणावर बेतू शकतो. एवढे सगळे काढून घेतल्यावर उरते ते माणसाला अळणी लागते. कुत्र्याची तक्रार नसते. त्याच्या जिभेवर रुचिकलिका आपल्या मानाने पुष्कळ कमी असतात. तो अन्नाची परीक्षा प्रामुख्याने नाकाने करतो आणि भाजलेल्या दाण्यांचा वास त्याला पुरेसा असतो.

शेंगदाण्याकडे मात्र अधिक लक्ष दिले पाहिजे. बाजारातील पीनट बटरच्या बाटलीवरील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते कुत्र्यासाठी वापरू नये. साखरविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ घातलेला असतो. च्युइंगम आणि काही टूथपेस्टमध्येही तो आढळतो. माणसाला तो सहसा अपाय करत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो जाताच स्वादुपिंडातून इन्शुलिनचा लोट सुटतो. अर्ध्याएक तासात रक्तातील साखर उतरते, कुत्रा झोकांड्या खाऊ लागतो, त्याला झटके येतात. मात्रा अधिक असेल तर यकृत निकामी होते. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढे झायलिटॉलही घातक ठरू शकते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पाव चमचा पुरे.

घरी लोणी करणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. दाणे मंद आचेवर भाजावेत, सोलावेत आणि मिक्सरमध्ये फिरवावेत. प्रथम नेहमीचे कूट होते. येथे न थांबता मधूनमधून भांड्याच्या कडा खरवडून फिरवत राहिले, की दाण्याचे तेल सुटते आणि कुटाचा गुळगुळीत लगदा बनतो. वरून तेल, मीठ, साखर काही घालावे लागत नाही. दाण्याची चटणी मात्र यासाठी चालणार नाही, कारण तिच्यात लसूण असतो. लसूण आणि कांदा, कच्चे असोत वा शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात.

दाणे निवडून घेणे ही यातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तीच सर्वांत अधिक टाळली जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता ब्राझीलमधून आलेली शेंगदाण्याची पेंड त्यांच्या खाद्यात होती आणि त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढलेली होती, असे दिसून आले. या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. चौदा वर्षांनी, १९७४ मध्ये, गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत कावीळ आणि जलोदराची साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. अवेळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका हे तिचे कारण ठरले. त्या घरांतील अन्नावर जगणाऱ्या गावातील कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. ज्यांच्याजवळ निवडून टाकायला दुसरे धान्य नव्हते, त्या माणसांचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे भोग असे एकच होते.

हे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे काळवंडलेले, सुरकुतलेले, हिरवट बुरशी आलेले किंवा खवट वासाचे दाणे ‘माणसाला नको तर कुत्र्याला घालू’ या विचाराने बाजूला ठेवणे म्हणजे त्याला विष देणे होय. कुत्र्याचे यकृत या विषापुढे विशेष नाजूक आहे. काटकसरीची ही सवय अनेक चांगल्या घरांत दिसते. ती सोडली पाहिजे.

आता कृती. पाव किलो भोपळ्याच्या साल व बिया काढून फोडी वाफवाव्यात. कुकरमध्ये पाण्यात बुडवून शिजवल्यास लगदा पातळ होतो आणि कणीक अधिक लागते. फोडी निथळून कुस्कराव्यात. असा सुमारे दोनशे ग्रॅम लगदा, पन्नास ग्रॅम शेंगदाण्याचे लोणी आणि एक अंडे परातीत एकजीव करून त्यात मावेल तशी कणीक घालावी. ती साधारण पाव किलो लागते. अंडे न खाणाऱ्या घरात ते वगळले तरी बिघडत नाही, दोन चमचे पाणी अधिक लागते एवढेच. गहू न सोसणाऱ्या कुत्र्यासाठी ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ घ्यावे, मात्र ते लाटता येत नाही, थापावे लागते. पुरीच्या पिठाइतका घट्ट गोळा मळून अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी व शंकरपाळ्यांप्रमाणे कापावी. या प्रमाणात सुमारे साठ तुकडे होतात. ओव्हन असल्यास १८० अंश सेल्सिअसवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजून, ओव्हन बंद केल्यावर तुकडे आतच निवू द्यावेत. त्यामुळे उरलेला ओलावा जातो. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवावी आणि वर झाकण घालावे, किंवा तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कोरडे भाजावेत. मोडल्यावर आत ओलसर लागणारा तुकडा पुन्हा भाजायला ठेवावा. यात मीठ किंवा टिकवणारे कोणतेही द्रव्य नसल्याने हवाबंद डब्यातही ही बिस्किटे आठवडाभरच चांगली राहतात. पावसाळ्यात आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर फ्रीजमध्येच ठेवावीत.

एका तुकड्यात वीसएक उष्मांक असतात. घरात राहणाऱ्या दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे सहाशे उष्मांक लागतात आणि वरखाऊने त्यातील दहावा हिस्साच व्यापावा, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे त्याला दिवसाला तीन तुकडे. तीन किलोच्या पॉमेरेनियनला एक. तीस किलोच्या लॅब्राडोरला सहा-सात. घरात पाच माणसे असली आणि प्रत्येकाने प्रेमाने दोन-दोन तुकडे दिले, तर हा हिशेब कोणाच्याही लक्षात न येता कोलमडतो. त्या दिवसाचे तुकडे सकाळीच एका वाटीत मोजून ठेवणे सोयीचे पडते.

बिस्किटात हौसेने घातल्या जाणाऱ्या दोन गोष्टींचा उल्लेख राहिला. चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक असते, हे आता बरेच लोक जाणतात. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते, हे मात्र द्राक्षे पिकवणाऱ्या आपल्या मुलखातही फारसे ठाऊक नाही. त्यांतील टार्टारिक आम्ल याला कारण असावे, असे मत अलीकडे पुढे आले आहे. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते; तेव्हा आमटीत बुडवलेला घासही टाळलेला बरा.

मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला हा खाऊ पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. निरोगी कुत्र्यालाही पहिल्या दिवशी अर्धाच तुकडा द्यावा, कारण क्वचित एखाद्याला शेंगदाणा सोसत नाही. अंगाला खाज सुटली नाही, उलटी झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी शौचास नेहमीसारखे झाले, म्हणजे उरलेला अर्धा तुकडा देण्यास हरकत नाही.