विक्रीचे पंचांग : ग्वाल्हेरच्या मेळ्यापासून ऑनलाइन बाजारापर्यंत

सणावारांचा आणि खरेदीचा संबंध आपल्या समाजाला नवा नाही. साडेतीन मुहूर्तांवर सोने, वस्त्र, वाहन किंवा शेतीचे अवजार घ्यावे, ही रूढी घरोघर पाळली जाते. सराफापासून कापड दुकानदारापर्यंत प्रत्येक व्यापारी त्या दिवसांसाठी आधीपासून माल भरून ठेवतो. आज मात्र विणकराची साडी, बचत गटाचा खाऊ किंवा कारागिराचा गालिचा मोबाईलवरील चित्र पाहून परगावचा, क्वचित परदेशचाही ग्राहक मागवू लागला आहे. त्या ग्राहकाचे सण निराळे आणि खरेदीचे दिवसही निराळे. अशा परिस्थितीत विक्रीचे नियोजन कसे करावे, हे समजून घेण्यास ग्वाल्हेरचे उदाहरण फार उपयुक्त आहे.

शंभर वर्षांहून जुना धडा

ग्वाल्हेर संस्थानचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली तेथे एक मेळा सुरू केला. प्रारंभी त्याचे स्वरूप मुख्यत: गुरांच्या बाजाराचे होते. पुढे कापड, भांडी, लाकडी सामान, विजेची उपकरणे आणि मोटारगाड्या यांची दालने त्यात थाटली गेली. दरवर्षी थंडीच्या दिवसांत, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी तो भरू लागतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. ग्वाल्हेर व्यापार मेळा या नावाने तो आज सर्वत्र ओळखला जातो.

ह्या मेळ्याच्या यशात तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, त्याचा हंगाम लोकांना ठाऊक असतो. त्यामुळे विक्रेता माल जमवतो आणि ग्राहक पैसा राखून ठेवतो. दुसरी, खरिपाचा माल विकून शेतकऱ्याच्या हाती काही रक्कम आलेली असते, अशाच वेळी तो भरतो. तिसरी, तेथील सवलतीला निश्चित मुदत आणि निश्चित अट असते. उदाहरणार्थ, २०२५ च्या मेळ्यात विकल्या जाणाऱ्या वाहनांना मध्य प्रदेश शासनाने मोटार वाहन करात ५० टक्के सूट दिली. पण वाहनाची कायम नोंदणी ग्वाल्हेर येथेच झाली पाहिजे, अशी अट घातली. दिवस, ग्राहकाची ऐपत आणि सवलतीची मर्यादा या तिन्हींचा मेळ म्हणजेच विक्रीचे नियोजन होय. बाजार मैदानात भरो वा इंटरनेटवर, हे तत्त्व बदलत नाही.

सण स्थिर आणि सण फिरते

इंटरनेटवरील बाजारानेही आपले मेळे निर्माण केले आहेत. चीनमध्ये अलीबाबा कंपनीने २००९ पासून ११ नोव्हेंबर हा दिवस मोठ्या विक्रीचा केला. भारतात फ्लिपकार्ट कंपनीने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘बिग बिलियन डे’ नावाची विक्री जाहीर केली. त्या दिवशी ग्राहकांची एवढी गर्दी उसळली की कंपनीची यंत्रणा अपुरी पडली आणि तिला ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. केवळ जाहिरात करून भागत नाही, मागणी पुरी करण्याची तयारीही तितकीच हवी, हे त्यावरून सर्वांच्या लक्षात आले.

परदेशी ग्राहकासाठी विकणाऱ्याने आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. काही सण तारखेने स्थिर आहेत. नाताळ २५ डिसेंबरलाच येतो. काही वाराने ठरतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारप्रदर्शनाचा सण असतो व दुसऱ्या दिवशी, म्हणजे ‘ब्लॅक फ्रायडे’ला, खरेदीचा मोठा हंगाम सुरू होतो. काही चंद्राच्या गतीने फिरतात. रमजान ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. आपली दिवाळी अधिक मासामुळे मागेपुढे होते. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि ‘ब्लॅक फ्रायडे’ २७ नोव्हेंबरला, म्हणजे दोहोंत केवळ १९ दिवसांचे अंतर. २०२७ साली लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आणि तो शुक्रवार २६ नोव्हेंबरला. अंतर २८ दिवसांचे. ज्या घरात एकच माग आहे, त्याला ह्या नऊ दिवसांच्या फरकाचे मोल निराळे सांगावयास नको.

एकाच नावाचा सण सर्वत्र एकाच दिवशी येतो, असेही समजू नये. मातृदिन अमेरिकेत मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो, तर ब्रिटनमध्ये तो बहुधा मार्चमध्ये येतो. लंडनच्या ग्राहकाला मे महिन्यात भेटवस्तूची जाहिरात पाठविणे हे वरात निघून गेल्यावर वाजंत्री बोलावण्यासारखे होईल.

तारखेपासून मागे मोजावे

ग्वाल्हेरचा हातविणीचा गालिचा आणि शेजारच्या मुरैना जिल्ह्याची गजक यांना २०२३ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या चंदेरीच्या वस्त्राला ते २००५ सालीच मिळाले होते. ह्या तिन्ही वस्तूंचे नियोजन मात्र एकसारखे करता येत नाही.

गालिच्याला आकारमान व गाठींच्या संख्येनुसार कित्येक महिने लागतात. नाताळासाठी विकावयाचा गालिचा पावसाळ्यापूर्वीच मागावर चढला पाहिजे. चंदेरी साडीचे दिवस नक्षीवर अवलंबून असतात. बुट्टे जितके दाट तितका विणकराचा वेळ अधिक. गजकेची गोष्ट याच्या उलट आहे. तीळगुळाचा हा ठिसूळ पदार्थ थंडीत बनतो, थंडीतच रुचतो आणि ओलाव्याने बिघडतो. संक्रांतीला तो पुण्या-नागपुरात पोहोचवावयाचा तर बनविण्याचा दिवस, बांधणीचा दिवस आणि पार्सल टाकण्याचा शेवटचा दिवस हे तिन्ही आधीच निश्चित हवेत. १४ जानेवारीनंतर पोहोचलेल्या गजकेला संक्रांतीचा भाव कोण देणार?

यास्तव, सणाच्या तारखेपासून सुरुवात करून मागे मोजत जावे. माल ग्राहकाच्या हाती पडण्याचा दिवस, टपालाचा प्रवास, बांधणी, छायाचित्रे व माहिती चढविणे, उत्पादन आणि सर्वांत मागे कच्च्या मालाची खरेदी, असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीला काही दिवस राखून ठेवावेत. ह्या राखीव दिवसांचे महत्त्व नुकतेच अनुभवास आले. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्यापूर्वीच भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणारी बहुतेक पार्सले स्वीकारणे थांबविले होते. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. म्हणजे सुमारे सात आठवडे हा मार्ग जवळजवळ बंदच राहिला. परदेशी पार्सल पाठविण्यापूर्वी त्या त्या वेळचे नियम डाकघर निर्यात केंद्रात विचारून घेणे, हे म्हणूनच आवश्यक आहे.

सवलत कोणाच्या खिशातून?

सणाच्या विक्रीत सर्वांत मोठा प्रश्न सवलतीचा असतो. समजा, एका साडीची किंमत ५,००० रुपये आहे. रेशीम, सूत व जर यांना १,८०० रुपये, मजुरीला १,६०० रुपये आणि कंपनीचे कमिशन, बांधणी व टपाल यांना ८०० रुपये लागले, तर ८०० रुपये उरतात. आता २० टक्के सूट दिली, तर हाती ४,००० रुपये येतील. कमिशन थोडे घटून तो खर्च ७०० रुपये झाला, तरी एकूण खर्च ४,१०० रुपये होतो. म्हणजे प्रत्येक साडीमागे १०० रुपयांची खोट. शिवाय काही साड्या परत येतात, त्यांचा खर्च वेगळाच. सूट १० टक्के ठेवली आणि कमिशन वगैरे खर्च ७५० रुपये धरला, तर मात्र ३५० रुपये उरतात.

अशी खोट भरून काढण्यासाठी बहुधा मजुरीलाच कात्री लागते, कारण रेशमाचा भाव आणि टपालाचा दर विक्रेत्याच्या हाती नसतो. ग्राहकाचा सण विणकराच्या चुलीवर साजरा होता कामा नये. म्हणून सूट जाहीर करण्यापूर्वी मजुरी बाजूला काढून ठेवावी व उरलेल्या रकमेतून काय देता येईल ते पाहावे. किंमत न उतरविताही ग्राहकाला संतुष्ट करता येते : सणाला साजेशी बांधणी, विणकराची माहिती सांगणारा कागद, वेळेवर पोहोचविण्याची हमी ह्या गोष्टींना थोडाच खर्च येतो. वर्षभर सूट देत राहिल्यास ग्राहक मूळ किंमत खरी मानीनासा होतो, हेही विसरू नये.

सचोटी आणि कायदा

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याची ओळख, एकूण किंमत, वस्तूचा मूळ देश आणि माल परत करण्याच्या अटी ग्राहकास स्पष्टपणे कळविणे बंधनकारक आहे. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणाऱ्या युक्त्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. फसवणूक झाल्यास ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. प्रामाणिक विक्रेत्याला ह्या नियमांची भीती नाही. उलट, यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून खपविणाऱ्यांपासून त्याला संरक्षणच मिळते.

गावाने काय करावे

हे नियोजन मोठ्या पेढ्यांनाच जमते, असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक बचत गटाने वर्षाच्या आरंभी एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडावेत. त्यांवर आपले सण, ग्राहकांचे सण, शेतीची कामे आणि कच्चा माल स्वस्त असण्याचे दिवस लिहावेत. शिक्षकांनी हा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास गणित, भूगोल आणि व्यवहार यांचा एकत्र अभ्यास होईल. ग्रामसेवक व विस्तार अधिकाऱ्यांनी टपालाच्या मुदती आणि नियमांची माहिती गटांना वेळीच द्यावी. पहिल्या वर्षी सगळ्याच सणांच्या मागे न लागता दोन किंवा तीन निवडावेत, आणि प्रत्येकानंतर किती माल गेला, किती परत आला व मजुरी वजा जाता काय उरले, याची नोंद ठेवावी. पुढील वर्षी कोणता सण धरावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हे ती नोंदच सांगेल.