तांब्याच्या पत्र्यातून आलेला चेहरा

औशाचा भुईकोट १६३६ मध्ये शाहजहानचा सेनापती खान-ए-दौरान यानं घेतला. पुढं वीस-पंचवीस वर्षांत त्याच शाहजहानचा चेहरा ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट कागदावर उतरवत होता. त्यानं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. समोर होती इथून गेलेली लघुचित्रं.

युरोपात तेव्हा राजे-उमरावांच्या छापील तसबिरींना मोठी मागणी होती. फ्रान्सच्या रॉबेर नांतय यानं चौदाव्या लुईचे चेहरे तांब्यावर कोरले. भांड्यांवर नावं घालणारा ठोके देत जातो; हा कोरक मात्र धारदार सळई हातानं पुढं रेटतो आणि तांब्याची बारीक साल निघते. त्या चरांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. गालावरची सावली म्हणजे दाट-विरळ रेघांची जाळीच. या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे छाप उलटा येतो. कोरकानं चित्र जसंच्या तसं कोरलं, तर छापात उजवा हात डावा होतो.

आपल्या दख्खनचे चेहरे या वाटेनं गेले. गोवळकोंड्याचे चितारी १६८०च्या दशकात परदेशी गिऱ्हाइकांसाठी राजे-सरदारांच्या तसबिरींचे संच रंगवत. त्यांतला एक ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विटसेन याच्याकडे पोचला. आज तो तिथल्या रिक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजही आहेत. पुढं फ्रान्स्वा व्हॅलेंटिनचा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखांवरचा ग्रंथ १७२४ ते १७२६ दरम्यान निघाला, तेव्हा महाराजांचा चेहरा तांब्यावरून कागदावर आला.

महाराष्ट्रात बराच काळ दुसऱ्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. १९३३ मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र पुढं आणलं. मराठवाड्यातल्या घराघरांत महाराजांची तसबीर असते, म्हणून या शोधाचं मोल मला फार मोठं वाटतं.

डच कोरकानं महाराजांना पाहिलं नव्हतं, हे खरं. पण दख्खनी चितारी चेहरा एका बाजूनं रंगवत. त्यामुळं कपाळ, नाक आणि दाढीची कड एकाच स्वच्छ रेघेत येई. हातानं नक्कल करताना अशी रेघ सहसा हरवत नाही. कपड्यांच्या चुण्या, मागची पार्श्वभूमी, कोणत्या हातात काय आहे, यांत मात्र युरोपी कोरक स्वतःची भर घालू शकतो. म्हणून जुन्या छापील चित्रात आधी नाकाची आणि दाढीची रेघ पाहावी, ती गोवळकोंड्याच्या तसबिरींशी ताडावी, आणि तलवारीची बाजू वादासाठी शेवटी ठेवावी.