साडेसातशे कोटी वर्षं आणि अर्धं मिनिट

१९ मार्च २००८. ओझरला पावणेबारा वाजत आले होते, लख्ख दिवस. चिलीत मात्र रात्र. भूतप तारकासमूहात एक ठिपका उजळला, ५.३ प्रतीपर्यंत. म्हणजे अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका, तोही जेमतेम अर्धं मिनिट. आणि हा प्रकाश निघाला होता सुमारे ७५० कोटी वर्षांपूर्वी!

हा गॅमा किरणांचा स्फोट. अडचण अशी, की उपग्रह खबर देणार, मग दुर्बीण वळणार. तोवर पहिले सेकंद गेलेच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ‘रोटसे’नं २२ सेकंदांत गाठलं होतं, तेही कॅमेऱ्याच्या चार टेलिफोटो लेन्स जोडून! चिलीतला ‘पाय ऑफ द स्काय’ कॅमेरा मात्र आधीच तिकडे पाहत होता. का? तर अर्ध्या तासापूर्वी जवळच दुसरा स्फोट झाला होता. नशीब म्हणा, पण त्यासाठी आकाशाचा मोठा तुकडा नजरेत हवा. म्हणून तर कळलं, की दृश्य प्रकाश आणि गॅमा किरण जवळपास एकदमच सुरू झाले.

आपल्याकडे हानलेला, लडाखात, ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची. पण तिची नजर त्यामानानं अरुंद. तिला खबरीची वाट पाहावीच लागते.