स्ट्रॉबेरी लावायची? आधी तिचा रानातला स्वभाव ओळखू या



"मॅडम, आपल्याकडे स्ट्रॉबेरी होईल का?" हा प्रश्न गटाच्या बैठकीत हल्ली बरेचदा निघतो. कर्जाचा ठराव लिहिण्याआधी हे रोप मुळात कुठलं, ते बघू.

स्ट्रॉबेरी मूळची रानातली. तिच्या रानटी जाती युरोपात आणि आपल्या हिमाचल, उत्तराखंडच्या थंड डोंगरांत आपोआप उगवतात. त्यांची ओळख अशी:

• पान बेलासारखं त्रिदळी, पण कडा करवतीसारख्या.
• फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं. तसंच दिसणारं पण पिवळ्या फुलाचं रोप असेल, तर ती नकली स्ट्रॉबेरी. तिच्या फळाला चवच नसते.
• फळ नखाएवढं, पण वास घमघमीत. फळावरचे बारीक दाणे हीच खरी फळं. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बुडखा.
• हरळीसारख्या फांद्या जमिनीवर पसरतात आणि जागोजागी नवीन रोप धरतात. त्यांना रनर म्हणतात.

बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी अमेरिका खंडातल्या दोन रानटी जातींच्या संकरातून झाली. त्यातली चिलीची रोपं १७१४ मध्ये फ्रान्सला नेली होती. फळ मोठं झालं, स्वभाव मात्र तोच राहिला: थंडी हवी, मुळं उथळ, फळ नाजूक.

म्हणून ती महाबळेश्वरला रमली. ते गाव सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्या शहापूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा रोप तगणं कठीण. म्हणजे हे पीक फक्त हिवाळ्याचं, आणि रोपं दरवर्षी विकत आणायची. लावण सप्टेंबर-ऑक्टोबरची, तेव्हा बांधीत धान उभा असतो. पाणी साचलं तर मुळं सडतात, म्हणून निचऱ्याची वेगळी जागा, गादीवाफा आणि आच्छादन लागतं. तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत विकावंच लागतं.

तेव्हा ताई, पहिल्या वर्षी परसबागेत वीसच रोपं लावा. रोपं, पाणी, खोके, गाडीभाडं, सगळं वहीत लिहा. भंडारा-नागपूरला घेणारा कोण, हे आधी विचारा. हिशोब जुळला तर पुढच्या वर्षी गटाने कर्जाचा विचार करावा. नाहीच जुळला, तर फळं लेकरांनी खाल्ली म्हणायचं. हप्ता तर डोक्यावर बसला नाही!