गाडी बसवायची किती?

हजिऱ्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३ सचिनवरून पलसाण्याला येतो आणि बारडोली, व्यारा, नवापूर करत, कोंडाईबारीचा घाट ओलांडून धुळ्यात उतरतो. उधना-सचिन पट्ट्यातल्या खानदेशी कुटुंबांचा हा गावी जायचा रस्ता. सचिनच्या जीआयडीसीमुळे इथे ट्रक-कंटेनरची रीघ, आणि अशा वाहतुकीने डांबरात चाकोऱ्या पडल्या की मधला उंचवटा नेमका बुटक्या गाडीच्या पोटाखाली येतो. तिकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत होते. सरळ रेषेत ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. वळण नाही, घाट नाही. एकच गाडी या दोन्ही ठिकाणी न्यायची म्हटले की स्प्रिंगचा प्रश्न येतो, आणि गॅरेजमध्ये उत्तर तयार असते: ‘दोन इंच खाली घेऊ, भारी दिसेल.’

भारी दिसते, यात वाद नाही. टायर आणि मडगार्डमधली चार बोटांची फट गेली की साधी गाडीही दबा धरून बसलेल्या जनावरासारखी वाटते. पण गाडी बसवणे आणि गाडी पळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ड्रॅगमध्ये तर ती पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात.

मस्टँगच घ्या. फोर्डने ती २०१६ मध्ये अधिकृतपणे भारतात आणली: पाच लिटरचे व्ही-८ इंजिन आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. गाडी झेपावते तेव्हा पुढच्या चाकांवरचा काही भार मागे जातो आणि त्याच्याच जोरावर मागचे टायर रस्ता धरतात. तो भार किती, हे गणित शाळकरी आहे. गाडीचे वजन, वेगवाढ आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करायचा, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने भागायचे. मस्टँगचे हे अंतर २.७२ मीटर. वजन १७०० किलो, गुरुत्वमध्य ५२ सेंटीमीटरवर आणि वेगवाढ गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट धरली, तर सुमारे १९५ किलो मागे जातात. गाडी तीन सेंटीमीटर खाली घेतली की १८४. अकरा किलो म्हणजे फार नाही, पण पदरी पडले ते नुकसानच. वळणावर आणि घाटात खालचा गुरुत्वमध्य खरोखर कामाला येतो. सरळ धावपट्टीवर त्याचा असा उपयोग नाही. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेतले ड्रॅगवाले गाड्यांचे नाक मुद्दाम वर चढवत, ते याच हिशेबाने.

इथे आणखी एक समजूत सर्रास ऐकू येते: स्प्रिंग मऊ असली की जास्त वजन मागे जाते. वरच्या गणितात स्प्रिंगचा कडकपणा कुठे आला? आलाच नाही. मऊ स्प्रिंगचे काम वेगळे आहे. बोनेट उठते, मागची बाजू दबते, भार टायरवर आदळण्याऐवजी चढत जातो आणि रस्त्याच्या लहानसहान उंचसखलपणात टायर चिकटून राहतो. डॉजने २०१८ची चॅलेंजर डेमन खास ड्रॅगसाठी काढली, तेव्हा चॅलेंजरच्याच हेलकॅट आवृत्तीच्या तुलनेत पुढच्या स्प्रिंग ३५ टक्के आणि मागच्या २८ टक्के मऊ ठेवल्या. बाजारातले लोअरिंगचे किट बरोबर उलट्या दिशेला जाते, म्हणजे खाली आणि कडक.

कडक का, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा चाकाला वर उचलले जायला मूळ गाडीत ७५ मिलिमीटर जागा आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली आली की उरली ४५. पूर्वीची स्प्रिंग दर मिलिमीटरला तीन किलो भार पेलत असेल, तर त्या ७५ मिलिमीटरमध्ये ती २२५ किलोंचा जादा भार अडवायची. तेवढाच भार आता ४५ मध्ये अडवायचा तर दर मिलिमीटरला पाच किलो हवेत. साध्या किटमध्ये एवढी वाढ सहसा नसते. मग उरलेले काम शॉकअपच्या दांड्यावरचे रबर करते आणि पाठीत कळ निघते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दोन्हीकडे चालवायची असेल तर ती वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त खाली घेऊ नये, आणि स्प्रिंगबरोबर तिला जुळणारे शॉकअप घ्यावेत. मूळ शॉकअप कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाहीत; गाडी नाचत राहते.

आणि ग्राइंडर लावून स्प्रिंग कापणे? सहा वेढ्यांतला एक कापला की गाडी बसते खरी, पण उरलेले पाच वेढे आधीपेक्षा वीस टक्के कडक होतात, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. कापलेले टोक बैठकीत नीट टेकत नाही. चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग सुटी होऊन जागेवरून सरकू शकते.

गतिरोधकाचेही गणित करून पाहिले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो. मस्टँगची चारही चाके त्यावर मावतात, आणि कमानीचा फुगवटा पोटाकडे जेमतेम साडेपाच सेंटीमीटर येतो. अडचण अशा गतिरोधकाची नाहीच. एका रात्रीत सोसायटीने उभारलेला, हातभर रुंदीचा दहा सेंटीमीटरचा बांध आडवा येतो तिथे पंचाईत होते. मूळ गाडीच जमिनीपासून सुमारे तेरा-चौदा सेंटीमीटर वर आहे. तीन काढून टाका आणि सांगा.

२०१५ पासूनच्या मस्टँगची मागची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, त्यामुळे गाडी खाली आली की ती वरच्या बाजूला आत कलतात. झेपेच्या वेळी मागची बाजू आणखी दबते, कल वाढतो आणि टायरची आतली कडच जास्त राबते. ड्रॅगला पूर्ण रुंदी हवी असताना हे परवडत नाही. नव्या स्प्रिंगनंतर अलाइनमेंट करावीच लागते, आणि कल पुरेसा मागे येत नसेल तर सस्पेन्शनचे आर्मही बदलावे लागतात.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे. शर्यतीचे सांगायलाच नको: ती धावपट्टीवर, सचिन-पलसाणा रस्त्यावर नव्हे.

स्प्रिंग बसल्यावर एक स्वस्त चाचणी करता येते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा केबल टाय हलका आवळायचा आणि सिलिंडरच्या तोंडाशी सरकवून ठेवायचा. दांडा आत जाईल तसा टाय ढकलला जातो आणि जास्तीत जास्त किती दाब आला ते तिथेच दिसते. ही फेरी एकट्याने, रिकाम्या डिकीने मारू नये. टाकी भरून, मागे माणसे बसवून, सामान घेऊन नवापूरपर्यंत जाऊन यावे आणि मग वाकून पाहावे. टाय रबराच्या दोन बोटे अलीकडे थांबला असेल तर काम जमले. रबराला चिकटला असेल तर ती स्प्रिंग या गाडीला चालणारी नाही.