चला, वसईचा किल्ला बघू या

मैत्रिणींनो, मी कैनाडहून बोलतेय. आपल्या भागातल्या बचत गटांचं काम मी बघते, म्हणून तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला बैठकीत भेटलेल्या आहात. दर वेळी मी हप्ता, व्याज आणि वहीचं बोलते. आज तो विषय बाजूला ठेवू. आज आपण सहलीला जाऊ.

मोबाईलवर युरोपातली जुनी शहरं दाखवतात ना? उंच चर्च, दगडी कमानी, शहराभोवती भक्कम तट. आपल्याला वाटतं, हे बघायला विमानाचं तिकीट लागतं. पण युरोपातल्या लोकांनी बांधलेलं असं एक शहर आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू रोडला लोकलमध्ये बसा, साधारण दीड तासात वसई रोडला उतरा. वसईचा किल्ला म्हणतात तेच ते शहर.

मी बीएला इतिहास घेतला होता. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला वसईचा तह परीक्षेत लिहून मार्क मिळवले. पण वसईचा किल्ला काही बघितला नव्हता. आमच्या गटातल्या एक मावशी तर वसईत सहा वर्षं बांधकामावर होत्या. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. किल्ला बघितला का, असं विचारलं तर म्हणाल्या, "घमेलं खाली ठेवलं तर खाडा पडतो. किल्ला कोण दाखवणार?"

तेव्हाच ठरवलं, एकदा वसईला कामाला नाही, बघायला जायचं. सहा महिने दर बैठकीत प्रत्येकीने वीस रुपये वेगळे काढले. गटाच्या बचतीला हात लावला नाही. भात झोडून झालं आणि कामावर जायच्या आधीचे चार दिवस मोकळे होते, त्यातला एक दिवस धरला. अठरा जणी आणि पाच मुली निघालो.

आता आधी हे शहर इथे आलं कसं, ते सांगते.

वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. सुलतान बहादूरशहाला एका बाजूने मोगल बादशहा हुमायूनची भीती आणि दुसऱ्या बाजूने समुद्रावर पोर्तुगीजांचा त्रास. शेवटी डिसेंबर १५३४ मध्ये त्याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे चार वर्षं, वसई त्यांच्याकडे राहिली. उत्तर कोकणातला सगळा कारभार इथून चाले. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, अशेरीगड ही ठाणी त्यांचीच होती. तलासरीपलीकडच्या आपल्या सोयऱ्यांना हे नाव नवीन नाही. दादरा-नगर हवेली १९५४ पर्यंत आणि दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं.

आता किल्ल्यात शिरू. क्रम मागेपुढे झाला तरी चालेल, पण या गोष्टी चुकवू नका.

पहिली गोष्ट तट आणि बुरूज. आपण डोंगरी किल्ल्यांचे गोल बुरूज बघितलेले असतात. इथले बुरूज टोकदार आहेत, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले. असे दहा बुरूज आहेत. तोफांच्या काळातली ही रीत. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात शत्रू येऊन चिकटला तर वरून त्याला मारता येत नाही. टोकदार बुरुजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसते, त्यामुळे लपायला जागाच उरत नाही.

शहराला मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीच्या बाजूचा आणि एक समुद्राच्या बाजूचा. समुद्राच्या दरवाजाची दारं सागाची होती आणि त्यावर लोखंडी खिळे ठोकलेले होते. सागाचं नाव निघताच बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वसईत जहाजं बांधली जात, त्यांनाही साग लागे. अशेरीगड पोर्तुगीजांना एवढा मोलाचा वाटे, त्याचं एक कारण तिथलं इमारती लाकूड. म्हणजे या शहरात आपल्या बाजूचं रानही आलेलं आहे.

दुसरी गोष्ट बालेकिल्ला. तहानंतर लगेच, १५३६ च्या सुमारास बांधलेला हा सगळ्यात जुना भाग. आधी एवढाच किल्ला होता. नंतर भोवती वस्ती वाढली आणि त्या सगळ्या वस्तीला मोठा तट घातला. आत घरं, मठ, इस्पितळ, विहिरी सगळं होतं. तटाच्या आत राहायचा मान बड्या पोर्तुगीज घराण्यांचा.

तिसरी गोष्ट सेंट जोसेफचं चर्च. शहरातलं हे मुख्य चर्च. १५४६ च्या सुमारास सुरू झालं, १६०१ मध्ये नव्याने मोठं बांधलं. त्याचा उंच मनोरा लांबूनही दिसतो. मनोऱ्याच्या आत दगडी गोल जिना आहे. आम्ही खालूनच बघितला. पायऱ्या झिजल्यात आणि अंधार आहे. मुली बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका.

याच चर्चमध्ये आमच्या मावशी बोलायला लागल्या. तोपर्यंत मी पुढे चालून माहिती सांगत होते आणि बायका माना डोलवत होत्या. मावशींनी भिंतीतल्या चौकोनी खोबणींच्या रांगेकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "इथे तुळया होत्या. वर माळा होता. लाकूड गेलं, भोक राहिलं." मग कमान दाखवून मुलींना विचारलं, हे दगड पडत कसे नाहीत? कोणालाच सांगता येईना. त्यांनीच सांगितलं. आधी खाली लाकडाचं सेंटरिंग करायचं. त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे. मधला शेवटचा दगड घट्ट बसला की दोन्ही बाजू एकमेकींना रेटून धरतात. मग सेंटरिंग काढून घेतलं तरी कमान उभी राहते. माझ्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

चौथी गोष्ट जेझुइट लोकांचं चर्च. समोरच्या बाजूला कोरीव खांब आहेत. इथल्या जेझुइटांकडे गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा शिकला. जन्म वसईचाच, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. पुढे तो जपानला गेला. तिथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी शहरात त्याला इतरांबरोबर क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईचे ख्रिस्ती लोक आजही त्याचा सण करतात.

पाचवी गोष्ट फ्रान्सिस्कन साधूंचं सेंट अँथनी चर्च. इथे खाली बघत चाला, कारण जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यावर पोर्तुगीज भाषेत नावं आणि वर्षं कोरलेली आहेत. अक्षरं अजून वाचता येतात. आमच्यातल्या दहावीच्या मुलीने त्यातले आकडे वाचून दाखवले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची नावं दगडावर राहिली.

इथे एक गोष्ट सांगते. पोर्तुगीज राजा आपल्या लोकांना गावंच्या गावं नेमून देत असे. काही गावं विधवांना आणि अनाथ मुलींच्या हुंड्यातही दिली जात. १६६५ मध्ये पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या ताब्यात दिली, तेव्हा तिथल्या मोठ्या वाड्याची मालकीण डोना इनेस दि मिरांडा नावाची विधवा बाई होती. हे ऐकून आमच्यातली एक हसून म्हणाली, "ताई, तिच्या नावावर मुंबई आणि आमचं नाव सातबाऱ्यावर चढेना!" सगळ्या हसल्या. पण दुसरी बाजूही बघा. गाव हुंड्यात गेलं की त्या गावात राबणारी माणसंही नव्या मालकाकडे गेली.

सहावी गोष्ट आपल्या लोकांच्या लढ्याची. चिमाजी अप्पांच्या हाताखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये मोहीम सुरू केली. आधी आसपासची ठाणी घेतली, मग वसईला वेढा घातला. तोफांनी तट पडेना, म्हणून जमिनीखालून सुरुंग खणत नेले आणि बुरुजाखाली उडवले. मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. दोन्ही बाजूंची पुष्कळ माणसं मेली. तहात मात्र पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामान घेऊन जाऊ दिलं. चर्चच्या काही घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही बघायला मिळतात. किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, नागेश्वर महादेवाचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे. एकाच तटात चर्चही आहेत आणि देवळंही.

शेवटी समुद्राच्या दरवाजातून बाहेर पडा. पुढे किल्ला बंदर, कोळी लोकांची वस्ती. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी. आम्ही तिथे सुकट घेतली, भावही घासाघीस करून घेतला. आपल्या गटांना सुक्या मासळीचा धंदा करायचा असेल तर वाळवायची आणि निवडायची पद्धत तिथल्या बायकांकडून शिकण्यासारखी आहे.

दरवाजाच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. मी सांगत होते की वसईचा दगड गोव्यापर्यंत गेला. तिथल्या प्रसिद्ध बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागातला काळा दगड इथूनच नेलेला आहे. मावशींनी विचारलं, "फोडला कोणी, वाहिला कोणी?" मी म्हटलं, त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. त्या म्हणाल्या, "आमची तरी कुठल्या बिल्डिंगवर आहेत?"

आपल्याला वेठ म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागत नाही. आपल्या आजी-आजोबांनी ती भोगली, आणि १९४५ मध्ये झरीच्या सभेनंतर वारली माणसांनी ती मोडलीही. म्हणून किल्ला बघताना दोन्ही बघा. बांधायला कोणी सांगितलं ते पाटीवर वाचा आणि बांधलं कसं ते भिंतीत वाचा. भिंत वाचणं आपल्यातल्या कितीतरी जणींना येतं. वर्षानुवर्षं तेच काम केलंय.

आता जायचं कसं ते नीट ऐका. डहाणू रोडहून सकाळची लवकरची लोकल धरा, म्हणजे बसायला जागा मिळते. वसई रोडला पश्चिमेला उतरा. तिथून किल्ला सहा-सात किलोमीटर आहे, बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. रिक्षाचं भाडं आधी ठरवा. आम्हाला किल्ल्यात शिरायला तिकीट लागलं नाही. पाणी घरून न्या, लघवीला स्टेशनवरच जाऊन घ्या. पायात चप्पल घट्ट हवी, कारण गवतात दगड आणि काटे आहेत. पावसाळ्यात जाऊ नका, शेवाळ असतं आणि जनावराची भीती असते. एकट्यादुकट्या कोपऱ्यात फिरू नका आणि ऊन उतरायच्या आत बाहेर पडा. भिंतीवर नावं कोरलेली दिसतील, ते बघून वाईट वाटतं. आपल्या पोरांना तसं करू देऊ नका. आपला कचरा पिशवीत घालून परत आणा.

परतीच्या गाडीत मावशी खिडकीशी बसल्या होत्या. वसई सुटल्यावर त्यांनी दोन-तीन उंच इमारती नातीला बोट करून दाखवल्या आणि कोणत्या मजल्यापर्यंत घमेलं चढवलं ते सांगितलं. तोपर्यंत त्या पोरीला आजीचं काम माहीतच नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वहीचं काम झालं की सहलीचा विषय काढा. पैसे थोडे थोडे जमवा, दिवस आधी ठरवा, आणि घरातली एक तरी मुलगी बरोबर न्या. जाऊन आलात की मला सांगा, तुमच्या गटातल्या बायकांनी त्या भिंतीत काय वाचलं. तेही आपण याच कार्यक्रमात ऐकू.